नीरफणसाचं गाणं, आणि दुसरं

ला ब्रेआच्या जमिनीवर कुणी भरवसा ठेवत नाही. गावाच्या उशाशी डांबराचं तळं आहे, आणि त्या तळ्यातलं डांबर जमिनीच्या पोटातून गावभर हिंडत असतं. आज सरळ उभं असलेलं घर पुढच्या वर्षी एका अंगाला कलतं, पायरी बोटभर वर येते, दार चौकटीत अडकतं. गावकरी त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. खिडकी लागेनाशी झाली की रंधा काढतात, लाकूड तासतात आणि आपापल्या कामाला जातात.

कथबर्ट क्वामिनाच्या घरात खाटेचे दोन पाय विटांवर होते. ख्रिसमसच्या आधी घर झाडायला घेतलं की तो उताराकडच्या पायांखाली एकेक वीट वाढवायचा. नाहीतर झोपेत माणूस घरंगळून भिंतीशी जायचा. बायको लवकर गेली, तेव्हा धाकटी बहीण फिलो स्वतःच्या मुलाला घेऊन घर सांभाळायला आली, आणि तिनेच त्याच्या एकुलत्या एका मुलीला वाढवलं. मुलीचं नाव युराल्डा. अंगाने काटकुळी, आवाज मात्र असा की नदीवर धुणं धुताना तिने हाक मारली तर तळ्यावरचे मजूर मान वळवायचे.

युराल्डाला बोलता येऊ लागलं तेव्हापासूनच माणसांवर गाणी जुळवायची खोड होती. कुणाची कोंबडी कुणी चोरली, शाळेतल्या मास्तरांनी कुणाच्या खिडकीशी शीळ घातली, सगळं तिच्या गाण्यात यायचं. लोक हसायचे, आणि ज्याच्यावर गाणं असेल तोही थोडा ओशाळून हसायचा. फिलो आत्या तिला चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवायची, म्हणजे तोंडात जरा देवाचं नाव राहील.

कथबर्ट धक्क्यावर डांबर चढवायच्या कामाला होता. जहाज लागलं की ठेकेदाराचा मुकादम सकाळी फाटकाशी उभा राहायचा आणि नावं पुकारायचा. ज्याचं नाव आलं त्याला काम. हा प्रुदोम नावाचा मुकादम उन्हात स्वतःच्या डोक्यावर छत्री धरायला एक मजूर वेगळा ठेवायचा. युराल्डाने त्या छत्रीवर गाणं केलं. तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची असेल. गाणं असं जमलं की आठवड्याभरात सगळा धक्का डांबराच्या ढेपा उचलताना तेच म्हणू लागला. त्यात एक ओळ होती, ‘बाप माझा म्हणतो, छत्रीवाल्याला तरी सावली मिळते.’

पुढचं जहाज लागलं तेव्हा प्रुदोमने सगळी नावं पुकारली, कथबर्टचं पुकारलं नाही. त्यानंतरच्या जहाजालाही नाही. कथबर्ट रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभा राहायचा आणि बाकीचे आत गेले की घरी यायचा. मुलीवर त्याने हात उगारला नाही. एकदा फक्त जेवताना म्हणाला, “गाणं चांगलं होतं पोरी. माझं नाव नसतं घातलंस तर बरं झालं असतं.”

त्या वाक्यानंतर तिला त्या घरात राहवेना. धक्क्याचं फाटक कथबर्टला पुन्हा कधी उघडलं नाही. युराल्डा अठरा वर्षांची झाल्यावर घरकाम शोधायला राजधानीत आली.

हे सगळं क्लॅरिस बाप्टिस्टला पुढे तुकड्यातुकड्याने कळलं. क्लॅरिस बेलमाँटच्या चढावर एका दोन खोल्यांच्या घरात शिवणकाम करायची. एका पायाने अधू होती, त्यामुळे मशीन हाताने चालवायची. एक खोली तिने भाड्याने द्यायला काढली आणि ला ब्रेआची ही लांबलचक पोर पत्र्याची पेटी घेऊन दारात आली. सुरुवातीला क्लॅरिसला ती मुकी वाटली होती. दिवसभर वुडब्रुकला एका डॉक्टरांच्या घरी राबायची, संध्याकाळी येऊन अळूच्या पानांचं कालालू रटरटवायची, खायची, झोपायची. मग एका रविवारी ती स्वतःचे कपडे इस्त्री करत होती आणि इस्त्रीच्या फेऱ्यांबरोबर तिच्या तोंडून एक कडवं बाहेर आलं. क्लॅरिसने मशीन थांबवली.

“हे कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? माझं.”

“लिहून ठेव की.”

“लिहिलं की चोरतात,” युराल्डा म्हणाली. “डोक्यातलं कुणाला नेता येत नाही.”

शहरातले गाणारे सगळे तेच मानायचे. कॅलिप्सो म्हणजे कार्निव्हलसाठी दर वर्षी नव्याने रचायचं गाणं, त्या वर्षीची बातमीच. कागद हाती लागला तर दुसरा आधी गाऊन मोकळा. म्हणून युराल्डाने आयुष्यात एकही गाणं कागदावर उतरवलं नाही.

तिला तंबूपर्यंत क्लॅरिसनेच नेलं. तंबू हा नुसता शब्द राहिला होता. गिटन्सचा तंबू म्हणजे एका मजूर संघटनेचं सभागृह होतं, लाकडी बाकांचं आणि पत्र्याच्या छपराचं. कार्निव्हलच्या आधी तिथे रोज संध्याकाळी गाणी व्हायची. थिओफिलस गिटन्स हा जाडजूड, घामेजलेला, मनाने वाईट नसलेला माणूस. त्याने युराल्डाचं छत्रीचं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आवाज आहे,” तो म्हणाला. “पण पोरी, माणसं दिवसभर मुकादमाची बोलणी खाऊन माझ्याकडे येतात. तिकीट काढून परत मुकादमच ऐकायचा त्यांनी?”

“आमच्या गावात हसले होते सगळे.”

“गावाला करमणूक नाही म्हणून हसले असतील. बाई तंबूत उभी राहिली की लोकांना काय हवं असतं ते मला विचार.”

त्याच्याकडे एक गाणं तयार होतं. कुणा दारुड्या गवयाने ते करून दिलं होतं आणि तो ते गायच्या आधीच यकृताच्या दुखण्याने गेला. परसातल्या झाडाला नीरफणस लागलेत, शेजारी कुंपणावरून येतो आणि पिकलाय की नाही ते तपासू म्हणतो, एवढीच त्यात गोष्ट.

दाबून बघ दादा, दाबून बघ,
नीरफणस माझा पिकलाय का बघ.

युराल्डाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, फिलो आत्या हे ऐकेल तर विहीर जवळ करेल. गिटन्स म्हणाला, एकच हंगाम गा. लोकांना तुझं नाव कळू दे, मग पुढच्या वर्षी स्वतःचं काय हवं ते आण. नावही त्यानेच दिलं, लेडी सेम्प. सेम्प म्हणजे आपला तो चिमुकला निळा-पिवळा पक्षी, हौशी माणसं पिंजऱ्यात घालून सकाळी रस्त्याने फिरवतात तो. क्लॅरिसने तिला निळ्या साटिनचा झगा शिवून दिला, पिवळी पट्टी लावून.

क्लॅरिस पहिल्या संध्याकाळी मागच्या बाकावर होती. युराल्डा आली, हात कुठे ठेवावेत हे न कळून तिने एक बोट वर केलं, आणि ‘दाबून बघ’ म्हणताना ते हवेत दाबलं. सभागृह कोसळायचंच बाकी होतं. माणसांनी ते कडवं परत परत म्हणायला लावलं. आठवड्याभरात बंदरावरची पोरं, ट्रकवाले, बाजारातल्या भाजीवाल्या, सगळे एकमेकांना बोट दाबून दाखवू लागले. कार्निव्हलच्या दोन्ही दिवशी लोखंडी पिंपं बडवणारे स्टीलबँड रस्त्यावर तेच वाजवत गेले. क्लॅरिसला आनंद झाला होता. तिने एकदा हे बोलून दाखवलं तेव्हा युराल्डा म्हणाली, “माझ्या आवाजात तो मेलेला दारुडा गातोय. मी कुठाय त्यात?”

पुढच्या हंगामात तिने स्वतःचं गाणं नेलं. गिटन्स शब्दाला जागला, गाऊ दिलं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि मग मागून कुणीतरी ओरडलं, “नीरफणस!” तिसऱ्या वर्षीही तेच. गिटन्सने तोडगा काढला. आधी तिचं एक, मग नीरफणस. म्हणजे तिचं गाणं चालू असताना लोक शेंगदाणे फोडत, गप्पा मारत वाट बघायचे. बार्बेडोसला, ग्रेनेडाला, गयानाला बोलावणी आली. सगळीकडे त्या एकाच गाण्यासाठी. लग्न झालं नाही. एक-दोघे आले, पण ते लेडी सेम्पकडे आले होते. घरात युराल्डा भेटल्यावर फार दिवस थांबले नाहीत.

ला ब्रेआला ती गेली तेव्हा फिलो आत्या तिच्याशी बोलली नाही. बापाला तिने विलायती पेटंट लेदरचे बूट नेले होते. कथबर्टने ते पायात घालून पाहिले, बरोबर बसतात म्हणाला, आणि परत खोक्यात ठेवले. गाण्याचा विषय त्याने काढलाच नाही. शेजारणीकडून तिला कळलं की तो आता रमच्या दुकानात जात नाही. तिथला रेडिओ लागला की माणसं त्याच्याकडे बघून बोट दाबायची. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, थट्टा होती. तो काही दिवस हसून साजरं करायचा. मग तिथल्या डोमिनोच्या डावातली त्याची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली.

कथबर्ट गेला तो त्याच खाटेवर. तोपर्यंत घर एवढं कललं होतं की विटांचा ढीग गुडघ्याला लागायचा. अंत्यविधीला युराल्डाने बापाच्या आवडीचं स्तोत्र म्हणू द्या म्हणून विनवलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी आपसात कुजबुज केली आणि एकजण येऊन हळू आवाजात म्हणाला, “राहू दे बाई. लोक उगाच हसतील.” तो वाईट माणूस नव्हता. हसले असते हेही खरं होतं. ती बाकावर बसून राहिली आणि दुसऱ्यांनी म्हटलेलं स्तोत्र तिने ऐकलं.

त्यानंतरच्या महिन्यांत इस्त्री करता करता तिने ते गाणं रचलं. आजवरच्या तिच्या गाण्यांसारखं ते पळत सुटलं नाही. एक ओळ आली की चार दिवस थांबायची. क्लॅरिस मशीनवर बसून ते घडताना ऐकत होती. त्याला नाव होतं, ‘कललेलं घर’. धृपद असं,

आमच्या डांबरावरून दुनिया चालते नीट,
बापाच्या खाटेखाली दर वर्षी नवी वीट.

पहिल्या कडव्यात तळं होतं, दुसऱ्यात फाटकाशी उभा राहणारा बाप. तिसऱ्या कडव्यात एक मंत्री गावात येतो, सगळ्यांना नवी घरं देऊ म्हणतो, आणि बोलता बोलता त्याचीच खुर्ची उताराला लागते. चौथं कडवं तिने सगळ्यात उशिरा केलं. ते ऐकल्यावर क्लॅरिसला सुईत दोरा दिसेना, एवढं तिला पुढे आठवत राहिलं.

गिटन्सला गाणं आवडलं नाही. तो म्हणाला, ही चाल स्मशानाची आहे. पण तोवर त्याचंही वय झालं होतं, आणि युराल्डाने सांगितलं की या वर्षी हे नाही तर काहीच नाही. शेवटी त्याने हार मानली. तिने क्लॅरिसकडून काळा साधा झगा शिवून घेतला आणि बँडवाल्यांना सांगितलं, तुतारी नको, फक्त गिटार आणि ढोल.

त्या एका हंगामात ते चाललं. क्लॅरिस शपथेवर सांगायची की लोक शेंगदाणे फोडायचे थांबले. तिसऱ्या कडव्याला हसले. चौथं संपल्यावर पुढच्या रांगेतला एक गोदी कामगार टोपी काढून उभा राहिला आणि त्याच्या मागे सगळे. ‘नीरफणस’ म्हणून त्या संध्याकाळी कुणी ओरडलं नाही. युराल्डा घरी चालत आली. दारात आल्यावर म्हणाली, “क्लॅरिस, भूक लागलीय मला.” दोघींनी शेगडी पेटवून खारे मासे आणि तव्यावरची भाकरी केली. क्लॅरिसला वाटलं, आता बाईचं आयुष्य सुरू होणार.

एका रेडिओ स्टेशनच्या माणसांनी ते गाणं टेपवर घेतलं आणि ते थोडे दिवस लागलंही. मग निवडणुका जवळ आल्या आणि ते लागेनासं झालं. मनाई केली असं कुणीच म्हणत नव्हतं. युराल्डा विचारायला गेली की तिथला माणूस हसतमुखाने सांगायचा, टेप सापडत नाही, कुणीतरी नेलीय वाटतं, पुढच्या आठवड्यात या. ती पुढच्या आठवड्यात जायची. लेडी सेम्पचं दुसरं एक आहे ना, तो म्हणायचा, ते लावतो की आम्ही. तबकडी काढायला कुठलाच दुकानदार तयार झाला नाही. निवडणुका झाल्या, आणि ला ब्रेआला नवी घरं आली नाहीत.

मग तिने हट्ट धरला. नीरफणस गाणारच नाही. दोन-तीन हंगाम तिला कुणीच बोलावलं नाही. ती परत लोकांची धुणी-इस्त्री करू लागली. गिटन्स वारला, त्याचा तंबू बंद झाला. गाण्याची तऱ्हाही बदलली होती. आता नाचायला लावणारा ठेका हवा होता, शब्द ऐकायला कुणाला सवड नव्हती. तरी दर वर्षी नव्या तंबूंच्या निवड चाचण्यांना ती ‘कललेलं घर’ घेऊन उभी राहायची. एका वर्षी एका छोट्या तंबूने तिला घेतलं, आणि कसं कोण जाणे, कार्निव्हलच्या गायन स्पर्धेच्या परीक्षकांनी तिला उपान्त्य फेरीसाठी निवडलं.

ती फेरी सॅन फर्नांडोच्या मैदानावर होती. तिथले प्रेक्षक कसे असतात हे सांगायला नको. गाणं आवडलं नाही तर घरून आणलेले संडासच्या कागदाचे रोल उंच धरून हलवतात, आणि जास्तच कंटाळा आला तर भिरकावतात. मोठमोठे गवई त्या मैदानावर रडलेत. क्लॅरिसने तिला सांगून पाहिलं की आधी दोन ओळी नीरफणसाच्या म्हण, लोक खूश होतील, मग तुझं सुरू कर.

“एक त्याचं, एक माझं,” युराल्डा म्हणाली. “पंधरा वर्षं तेच केलं मी.”

ला ब्रेआ तिथून जवळ. गावातून एक बस भरून माणसं आली होती आणि त्यांनी लेडी सेम्पच्या नावाचं फडकं बांधलं होतं. तिला ते मंचावरून दिसलं. ती काळ्या झग्यात उभी राहिली, गिटार वाजली, आणि पहिलं कडवं निम्म्यावर असतानाच कुणीतरी बोट वर करून हवेत दाबलं. मग शेकडो बोटं. ‘नीरफणस, नीरफणस’ असा गजर सुरू झाला, आणि ती थांबत नाही असं बघितल्यावर कागद बाहेर आले. पांढऱ्या पट्ट्या मंचावर येऊन पडू लागल्या. क्लॅरिस कडेला काठी धरून उभी होती. ती ला ब्रेआच्या बसवाल्यांकडे बघत होती. ते गप्प होते. मग त्यांच्यातल्या एका तरुणाने, फिलो आत्याच्या सख्ख्या नातवाने, हसत हसत बोट वर केलं, आणि बाकीच्यांचाही संयम सुटला.

युराल्डाने चारही कडवी म्हटली. एकही शब्द कुणाला ऐकू गेला नसेल. तिचे ओठ हलत होते एवढंच. शेवटी तिने मान लववली आणि पायात अडकलेली कागदाची पट्टी सोडवून ती खाली आली. क्लॅरिस काहीतरी बोलायला गेली. युराल्डा म्हणाली, “गावचे लोक आले होते, बघितलंस?” एवढंच.

त्यानंतर तिने हट्ट सोडला. उपनगरातल्या एका हॉटेलात दर शनिवारी दुपारी परदेशी पाहुण्यांसाठी गायची. निळं साटिन पुन्हा शिवावं लागलं, कारण अंग भरलं होतं. क्लॅरिसने मापं घेताना तिला विचारलं, पिवळी पट्टी लावू ना. ती म्हणाली, लाव, तुला काय हवं ते लाव. लालबुंद झालेले गोरे म्हातारे तिच्याबरोबर बोट दाबत उभे राहायचे. ‘कललेलं घर’ तिने परत कुणापुढे म्हटलं नाही. घरी म्हणते का, यावर क्लॅरिसचं लक्ष असायचं. म्हणत नसे. इस्त्री करतानाही नाही. क्लॅरिसने दोन-चारदा विषय काढला, तर म्हणायची, “आहे ग डोक्यात. जातंय कुठे.”

दोघी म्हाताऱ्या झाल्या. एका सकाळी युराल्डा कोकोचा चहा ओतत असताना किटली तिच्या हातातून सुटली. अर्धांगवायूचा झटका होता. इस्पितळातून ती घरी आली ती उजवी बाजू लुळी आणि वाचा गेलेली. कळत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं. पण पाणी हवं असेल तरी तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा आणि ती रागाने डावा हात गादीवर आपटायची.

काही आठवड्यांनी शेजारच्या घरात रेडिओ लागला होता. क्लॅरिस पेज घेऊन आत आली तर युराल्डा गात होती. स्पष्ट, सुरात, शब्द न् शब्द.

दाबून बघ दादा, दाबून बघ.

क्लॅरिसने वाटी खाली ठेवली. ती लंगडत, घाईने पलंगाशी गेली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं होतं, बोलणं जातं पण हजारदा घोटलेलं गाणं मेंदूत दुसरीकडे असतं, ते उरतं. क्लॅरिसने लगेच ‘कललेलं घर’ची चाल धरली, धृपद म्हटलं, आणि वाट बघत बसली. युराल्डाने तोंड उघडलं. घोगरा आवाज आला. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळेला तिच्या तोंडून जे सुटलं ते नीरफणसाचंच होतं, आणि ते बाहेर येताना ऐकून तिने डाव्या हाताने स्वतःचं तोंड झाकलं.

तेव्हा क्लॅरिसला कळलं की ते गाणं आता तिच्याकडेच काय ते उरलंय, आणि तिच्याकडे ते पुरतं नाही. धृपद होतं. पहिलं कडवं होतं. दुसऱ्याच्या दोन ओळी होत्या. तिसऱ्यातली उताराला लागलेली खुर्ची आठवत होती, शब्द आठवत नव्हते. चौथ्याचं काहीच नाही. ते ऐकताना आपले डोळे भरले होते, एवढंच.

त्याच वर्षी विद्यापीठातून इंदर बूधू नावाची मुलगी आली. जुन्या गायिकांची माहिती गोळा करत होती. गोड, नम्र मुलगी, येताना आईने केलेली खीर डब्यात घेऊन आली. तिने लेडी सेम्पचं नीरफणस रेकॉर्ड करून घेतलं. एवढा झटका येऊनही बाई गातात याचं तिला इतकं अप्रूप वाटलं की तिने युराल्डाचा हात हातात धरून ठेवला. युराल्डा छताकडे बघत होती. क्लॅरिसने मुलीला बाहेरच्या खोलीत नेऊन दुसऱ्या गाण्याबद्दल सांगितलं आणि रेडिओवाल्यांकडची टेप शोधायची गळ घातली.

“मी शोधते, मावशी,” इंदर म्हणाली.

आणि तिने खरंच शोधली. कितीतरी दिवसांनी परत आली तेव्हा तिने खीर आणली नव्हती. म्हणाली, त्या वर्षांतल्या टेपा नव्या विकत घ्यायला लागू नयेत म्हणून पुसून परत वापरल्या गेल्या. त्या टेपवर आता घोड्यांच्या शर्यतीचं वर्णन आहे. तंबूतलं कुणी जिवंत असेल तर त्यांच्याकडे विचारू या, असंही ती म्हणाली. एक गिटारवाला सापडला. त्याला चाल आठवत होती. शब्द तो ऐकत नसे.

क्लॅरिस रोज दुपारी पलंगाशी बसून प्रयत्न करायची. दुसऱ्या कडव्याची राहिलेली ओळ अशी होती का, म्हणून एक ओळ म्हणून बघायची. युराल्डा मान हलवायची. नाही. मग अशी होती का? नाही. कधी क्लॅरिस जवळ गेल्यासारखी वाटायची, कारण युराल्डाचे डोळे मोठे व्हायचे, ओठ थरथरायचे. मग पुन्हा नाही. एकदा क्लॅरिसने चिडून म्हटलं, “लिहून ठेवायला काय झालं होतं तुला? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” बोलून झाल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. युराल्डाने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून क्लॅरिसने ओळी विचारणं थांबवलं, आणि युराल्डानेही परत कधी डोळे मोठे केले नाहीत. फक्त शेजारी रेडिओ लागला की नीरफणस तिच्या तोंडून आपोआप सुरू व्हायचं, आणि ते संपेपर्यंत तिला थांबवता यायचं नाही.

ती पावसाळ्यात गेली. रेडिओवर दिवसभर नीरफणस लावलं होतं. अंत्यविधीला बेलमाँटचं चर्च भरलं. ज्या सरकारी खात्याने तिला कधी खुर्ची दिली नव्हती तिथला एक साहेब येऊन बोलला की लेडी सेम्पने या बेटाला हसायला शिकवलं. इंदर बूधू रडत होती. क्लॅरिसला कुणीतरी विचारलं, तुम्ही काही म्हणणार का. ती काठी टेकत पुढे गेली, धृपद म्हटलं, पहिलं कडवं म्हटलं, दुसऱ्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. पुढचं येत नाही म्हणून थांबली हे लोकांना कळलं नाही. त्यांना वाटलं, कंठ दाटला. बाहेर उभ्या असलेल्या स्टीलबँडच्या पोरांनी तिला सावरायला म्हणून वाजवायला सुरुवात केली. अगदी हळू, आदराने, शोकाच्या लयीत, नीरफणसाची चाल. लोक डोळे पुसत पुसत गाऊ लागले. एक-दोघांची बोटंही वर झाली.

वर्षभराने, कार्निव्हलचे कपडे शिवायला आले असताना, क्लॅरिस मशीनवर बसून गुणगुणत होती. तिच्या लक्षात आलं की दुसरं कडवं ती अख्खं म्हणतेय, न अडखळता. म्हणजे सुरुवातीला अडखळत, मग सरळ. तिचा हात चाकावरच थांबला. तिने परत म्हणून पाहिलं. शेवटच्या ओळीत एक शब्द होता, ‘आसवं’. युराल्डाने असा शब्द आयुष्यात तोंडातून काढला नसता. तिचा बाप फाटकाशी रडला नव्हता, नुसता उभा राहिला होता. ते ठिगळ क्लॅरिसचं होतं. तिने ते उसवून काढलं आणि उरलेल्या ओळी तपासू लागली, तेव्हा तिला सांगता येईना की यातली कुठली युराल्डाची आणि कुठली तिची. पहिल्या कडव्याचीसुद्धा खात्री वाटेना.

त्यानंतर तिने ते गाणं म्हणणं सोडलं. इंदरचा फोन आला, उरलंय तेवढं तरी टेपवर घेऊ या म्हणाली. क्लॅरिस म्हणाली, नको बाळ, ते तिचं नाही राहिलं. मग खिडकीतून उजेड होता तोवर तिने हातातल्या झग्याची काठपट्टी शिवून पुरी केली.